वाइन बारमधलं केळवण

भाचीचं केळवण मी वाशीतल्या एका वाइन बारमध्ये केलं. चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती मी हौसेने, टेबल राखून ठेवून केली. बायकोने आदल्या दिवशीच पुरणाची डाळ काढून ठेवली होती. मामाकडचं केळवण घरीच व्हायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. मी तिला सांगितलं, की पुरणपोळी कुणीही घालतं. होणारा जावई शिकलेला आहे, त्याला जरा वेगळं काहीतरी दाखवू. डाळ परत डब्यात गेली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुर्भ्याकडच्या एका केमिकल कंपनीत मी नुकताच मॅनेजर झालो होतो आणि नव्या खुर्चीबरोबर मला एक नवा साहेब मिळाला होता. तो शुक्रवारी आम्हा चार-पाच जणांना घेऊन या जागी बसायचा. जागा म्हणजे पूर्वीची परमिट रूम. मालक तोच, वेटर तेच, मोरीतून येणारा वासही तोच. भिंतींना पांढरा रंग, दारांना निळा, प्लास्टिकच्या द्राक्षांचे घोस आणि छताला टांगलेलं मासेमारीचं जाळं, एवढ्या भांडवलावर मालकाने भूमध्य समुद्र वाशीत आणला होता. पूर्वी तिथे चकण्याला उकडलेले चणे मिळायचे. आता चणेच, पण वाटून, वर तेल सोडून बशीत येत आणि त्याला हमस म्हणावं लागे. साहेब ग्लास दिव्यासमोर धरून गोल फिरवायचा, नाक आत घालायचा आणि लाकडाचा वास येतोय म्हणायचा. आम्हीही नाकं घालायचो. मला ती वाइन कधीच आवडली नाही. नासलेल्या कोकमाच्या पाण्यासारखी लागायची. तरी मी कितीतरी शुक्रवार जाणत्यासारखी मान हलवत ती प्यायलो. चार ऑलिव्ह आणि चीजचे दोन तुकडे खाऊन तृप्त झाल्याचं दाखवायचो आणि घरी येऊन पोळी-भाजीवर तुटून पडायचो.

ताई उरणला राहायची, मोरा बंदराच्या बाजूला. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणून तिला माझा फ्लॅटच उरला होता. मुलीच्या लग्नाआधी पुष्कळ घरांतून केळवणं होतात, पण मामाच्या केळवणाकडे सासरची माणसं लक्ष ठेवून असतात, कारण मुलीच्या आईमागे कोणी उभं आहे की नाही ते तिथे कळतं. त्या संध्याकाळी ताईला एवढंच हवं होतं. जावयाच्या देखत भावजयीने तिला कुंकू लावावं, खण-नारळाने ओटी भरावी, मुलीला ओवाळावं. मेव्हण्यांची दुपारपाळी होती, म्हणून ती भाचीला घेऊन उरणच्या बसने आली. ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. जावई चेंबूरहून आला होता.

साहेबही आला होता. तो काउंटरपाशी बसला होता, आणि तो तिथे असणार हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर तो असणार म्हणूनच मी तो दिवस ठरवला होता.

गळ्यात बो लावलेल्या वेटरने सगळं मधोमध मांडलं आणि सगळ्यांनी मिळून खायचं असं समजावलं. ताईने चमचा घेतला आणि प्रत्येकाच्या बशीत थोडं थोडं हमस वाढायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं. "ताई, हे वाढायचं नसतं. पाव बुडवून खायचं असतं."

"सगळ्यांनी एकाच वाटीत?" तिने विचारलं. उष्ट्याचा तिचा विचार मला कळला होता, तरी मी न कळल्यासारखं केलं. तिने चमचा खाली ठेवला आणि त्यानंतर कुठल्याही वाटीत हात घातला नाही. कोरडा पाव मोडून खात बसली.

वांग्याचं काहीतरी आलं. ते तिने जवळ ओढून नुसतं बघितलं. "हे भरीतच की रे. निवलेलं." भाची हसली. मग ताईने वर जाळ्याकडे मान केली आणि म्हणाली, "असलं फाटकं जाळं आमच्याकडे कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकतात."

जावई मोठ्याने हसला. त्याला ताई आवडली होती. त्या टेबलावरची पहिली खरी गोष्ट म्हणजे ते हसणं होतं, आणि मला मात्र एवढंच दिसलं, की काउंटरपाशी साहेबाने मान वळवली.

"ताई, प्रत्येक गोष्ट मोऱ्याच्या मापाने मोजू नकोस," मी म्हणालो. "कळत नसेल तर गप्प तरी बस."

जावयाचं हसणं अर्ध्यावर राहिलं. वातावरण सावरावं म्हणून बायकोने घाईघाईने पिशवी उघडली. कुंकवाची डबी, खणात गुंडाळलेला नारळ आणि तांदळाची पुडी तिने मांडीवर घेतली. ती उठणार, तोच मी टेबलाखालून तिचं मनगट धरलं. "इथे नको," मी दबक्या आवाजात म्हणालो. "बारमध्ये नारळ काढतेस?"

तिने सगळं परत पिशवीत टाकलं. नारळ टेबलाच्या पायावर आपटला. ताईने ते पाहिलं. ओटीसाठी पुढे घेतलेला पदर तिने पुन्हा खांद्यावर टाकला आणि पाण्याचा ग्लास उचलला. जावई बशीकडे बघत राहिला. शेवटी गोड म्हणून काहीतरी आलं, पाकात भिजून मऊ पडलेल्या चिरोट्यासारखं. ताई त्याला काही म्हणाली नाही.

घरी आल्यावर बायकोने कुकर लावला. मी वरणभात दोनदा मागून घेतला. ताई आणि भाची तेव्हा उरणच्या बसमध्ये उपाशी बसलेल्या असणार, हे मला खाताना आठवलं. आठवूनही मी खात राहिलो.

लग्नात भाचीला बोहल्यापर्यंत मी नेलं. ताई माझ्याशी नेहमीसारखीच वागली. कार्यालयात मुलाच्या आत्याने तिला विचारलं, मामाकडचं केळवण कसं झालं? मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

"वाशीला, मोठ्या हॉटेलात," ताई म्हणाली. "ओटीबिटी भरून, अगदी थाटात. माझ्या भावाचं सगळं असंच असतं."

जावई शेजारीच होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्या एका नजरेने मला माझी जी किंमत कळली, ती साहेबाबरोबरच्या सगळ्या शुक्रवारांत कळली नव्हती. मी त्या जागेवर, तिथल्या निळ्या दारांवर, ग्लासात नाक घालणाऱ्या माणसांवर पुढे पुष्कळ तोंडसुख घेतलं. ती हास्यास्पद होतीच. पण बहिणीला गप्प बस म्हणायला मला मालकाने सांगितलं नव्हतं, साहेबानेही नाही. साहेबाने तर दुसऱ्या दिवशी त्या संध्याकाळचा साधा उल्लेखही केला नाही.

माफी मागायला मी उशीर केला. कधी ऑडिट, कधी ताप, कधी बस चुकली. शेवटी दिवाळीच्या तोंडावर भाची आणि जावई उरणला आल्याचं कळलं, तेव्हा बायकोने मला न विचारता डाळ भिजत घातली. आम्ही पोळ्यांचा डबा घेऊन गेलो. ताईने पानं मांडली. तिने काही वाढण्याआधी बायकोने तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. ताई खाली बघत होती. जावई दाराशी उभा होता. त्याला बाहेर पाठवून ताईशी एकांतात बोलावं असं मी वाटेत ठरवलं होतं. पण जे त्याच्यादेखत बोललो होतो, ते त्याच्यादेखतच मागे घ्यायला हवं होतं. मी त्यालाही बसायला सांगितलं.

"ताई," मी म्हणालो, "त्या दिवशी तुला सगळं कळत होतं. मला तुझी लाज वाटली, म्हणून मी तुला गप्प केलं आणि ओटीही भरू दिली नाही. तू लग्नात माझ्यासाठी खोटं बोललीस. माझं चुकलं. मला माफ कर."