पडद्याआड एक वाडगं

रविवार, १ मार्च १९८७. परभणी. नळ उशिरा आला, लवकर गेला. जाऊबाईंच्या माहेरची माणसं येऊन गेली. दुपारी रिक्षाने स्टेशन रोडला गेले. चालत परत आले. टाच सोलली. फार राग आला होता, अजून आहे.

सुमंगलाबाईंच्या डायरीत राग सहसा येत नसे. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात असताना नन्सनी रोज लिहायची सवय लावली होती, आणि ती लग्न होऊन परभणीला आल्यावरही सुटली नाही. हवा, पाहुणे, औषधं, कोणाला काय झालं, असा मजकूर. राग लिहिला म्हणजे तो पोटात मावला नव्हता.

तो एका दिवसात साठलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान माणिकराव गेले. तहसिलीत पेशकार होते. तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, आणि पुढच्या रविवारी थोरल्या जाऊबाई चतुराबाईंनी सुमंगलाबाईंच्या ताटापुढून मटणाच्या रश्शाची वाटी उचलली. "आपल्या घरात बाईमाणूस मागं राह्यलं की वशाट खात नसतं," एवढंच म्हणाल्या आणि वरण वाढलं. त्याच पंगतीत चुलतसासरे आबासाहेब बसले होते. त्यांची बायको जाऊन वीसेक वर्षं झाली होती, आणि नळी ठणठण आपटून चोखल्याशिवाय त्यांचा रविवार सरत नसे. त्यांनी वर पाहिलं, म्हणाले, "रीत हाय, बाई," आणि दुसरी नळी घेतली.

सुमंगलाबाई गप्प बसल्या. त्या दिवशी गप्प बसल्या म्हणून पुढे दोन वर्षं गप्प बसावं लागलं. रविवारी घरभर मसाल्याचा वास सुटायचा आणि त्या खोलीत बसून मुगाच्या वरणात भाकरी चुरायच्या.

माणिकराव होते तेव्हा रविवार चंद्रभानकडे जायचा. हा चंद्रभान मूळचा मानवतचा. तरुणपणी मुंबईला पळाला आणि मालवाहू जहाजावर भटारखान्यात लागला. व्हिएतनामच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीला अडकलं, तेव्हा तिथल्या एका म्हातारीच्या हाताखाली तो तांदळाच्या शेवयांचं सूप शिकून आला. स्टेशन रोडला हॉटेल टाकलं, पाटीवर 'व्हिएतनामी सूप' असं लिहून घेतलं. परभणीने ते नाव काही तोंडात धरलं नाही. मटणाचं पातळ, बिनतिखट पाणी म्हणजे आळणी. तर ही शेवयाची आळणी. हाडं रात्रभर उकळायची, त्यात दालचिनी, चक्रीफूल, भाजलेलं आलं. वाडग्यात पांढऱ्या शेवया, वर पातीचा कांदा, कोथिंबीर, लिंबू. लोकांनी मागून मागून शेवटी लाल तर्रीची वाटी वेगळी ठेवायला लावली. मोंढ्याच्या धान्यबाजारातले अडतेसुद्धा तिथे रांग लावून उभे राहत.

त्या रविवारी चतुराबाईंच्या माहेरची माणसं जेवायला होती. जेवताना कापलेल्या दोन बोकडांच्या गप्पा झाल्या. सुमंगलाबाईंनी सगळ्यांच्या भाकरी केल्या, हात धुतले, पदर नीट केला आणि मुंजाजीच्या रिक्षात बसून म्हणाल्या, "चंद्रभानकडे."

मुंजाजी सहा वर्षं त्यांना दवाखान्यात, बँकेत नेत-आणत होता. अठ्ठ्याहत्तरला, विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं तेव्हा, गावातली त्याची वस्ती जाळली. तेव्हापासून तो परभणीत सायकल रिक्षा ओढत होता. नामांतराच्या सत्याग्रहात एकदा तुरुंगातही जाऊन आला होता. सुमंगलाबाईंनी त्याला हे सगळं विचारलं होतं, त्यांना वाईट वाटलं होतं, आणि तेही त्यांनी डायरीत लिहिलं होतं.

हॉटेलात गल्ल्यावर चंद्रभानचा मेव्हणा नागनाथ होता.

"या काकू. कोण हाय सोबत?"

"कोणी नाही. मी आहे."

"न्हाई, म्हंजे गडी माणूस?"

"आळणी खायला गडी माणूस कशाला? चमचा मला धरता येतो."

जवळच्या टेबलावर कोणीतरी खिदळलं. नागनाथने आवाज खाली आणला. "तसं न्हाई, काकू. हॉलमंदी गडी बसत्यात. पडद्याची खोली फॅमिलीसाठी हाय. एकटी बाई म्हंजे फॅमिली न्हाई होत."

"दर रविवारी त्याच पडद्याआड बसत होते मी. तेव्हा होत होती ना?"

"तवा साहेब व्हते."

"ते गेले तेव्हा माझी भूक बरोबर घेऊन नाही गेले."

"काकू, गिऱ्हाईक बघायलंय. डब्बा बांधून देतो. घरी निवांत खावा."

घरी! घरी खाता आलं असतं तर ही बाई इथे कशाला आली असती?  सुमंगलाबाई दाराकडे वळल्या आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. "मुंजाजी! आत या!"

मुंजाजी गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसत आला. "काय झालं, बाई?"

"बसा इथे. माझ्यासोबत."

"ए, तू कुटं घुसायलास?" नागनाथ उठला. "रिक्षावाल्यांचं बाकडं बाहेर हाय."

"गडी माणूस हवा होता ना तुम्हाला? हा घ्या."

"घरचा पायजे, काकू. हा कोण लागतो तुमचा?"

"भाऊ!"

 मग कोपऱ्यातून एकजण ओरडला, "आरं, पेशकार साहेबांचा मेव्हणा बघा रे!" आणि सगळे फिदीफिदी हसले. सुमंगलाबाईंनी मान ताठ ठेवली. आता त्या जिंकणार होत्या.

मुंजाजी हसला नाही. बसलाही नाही.

"बरं नातं काढलंत," तो म्हणाला. "सा वर्सं तुमच्या दारात थांबायलोय. पाणी मागितलं की तुमच्या जाऊबाई वरून वततात, मी खाली ओंजळ धरतो. तुमी तितंच वट्ट्यावर पेपर वाचत बसलेल्या असताव. तवा न्हाई दिसला भाऊ?"

"मुंजाजी, अहो, मी तुमच्यासाठीच—"

"माझ्यासाठी? तुमाला पडदा पायजे म्हून मला गडी केलं. इचारलं का मला? ह्यानं हाकलायचं, ह्या लोकांनी दात काढायचे, आन् आळणी तुमी खायची. मला खायचं आसंल तर मी माझ्या हिमतीवर खाईन, बाई. तुमच्या नात्यावर न्हाई."

तो वळला आणि गेला.

 तेवढ्यात नागनाथ खुर्ची पुसायला लागला. "जाऊ द्या, काकू. असल्यांच्या तोंडी कुटं लागताव? या, बसा तुमी आत. पडदा लावतो. कोण काय म्हनतंय बघू."

म्हणजे जे मागायला आल्या होत्या ते मिळालं. एका माणसाला चारचौघांत उतरवलं, की बाई लगेच फॅमिली झाली.

"तोंड सांभाळून बोला," त्या म्हणाल्या.  "आणि पडदा तुमच्या खिडकीला लावा. माझं वाडगं बाहेर बाकड्यावर पाठवा."

बाकड्यावर दोन हमाल बसले होते. ते गडबडून सरकले. मुंजाजी रिक्षा वळवत होता. त्याने पाहिलं.

"माझ्यासाठी तितं बसू नका, बाई."

"तुमच्यासाठी नाही बसले. मला खायचं आहे."

"मग खावा," तो म्हणाला. त्याने पायडल मारलं आणि मागे पाहिलं नाही.

वाडगं चंद्रभान स्वतः घेऊन आला.  समोरच्या पानटपरीवरची माणसं माना वळवून पेशकारांच्या विधवेला बघत होती. सुमंगलाबाईंनी लिंबू पिळलं आणि खायला सुरुवात केली. आळणी उत्तम होती. दोन वर्षांत तिची चव तसूभर बदलली नव्हती, आणि याचाच त्यांना जास्त संताप आला. निदान आज तरी ती बेचव व्हायला हवी होती. त्यांनी शेवटच्या शेवईपर्यंत खाल्लं आणि उन्हातून चालत घरी आल्या.

चतुराबाई दारातच होत्या. "कसला वास यायलाय तुमच्या तोंडाला?"

"मटणाचा."

"अगो बया! कुणासमोर खाल्लं?"

"सगळ्यांसमोर. स्टेशन रोडला, बाकड्यावर बसून."

आतून आबासाहेबांनी विचारलं, "चंद्रभानकडचं का?" चतुराबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "मंग माझ्या चुलीला आता तुमचा हात नको," त्या म्हणाल्या.

"बरं. आणि आपल्या दारात कोणी पाणी मागितलं तर ते पेल्यात द्यायचं. हातात."

"कोण येनार हाय आता मागायला?"

 पुढे सुमंगलाबाई दवाखान्यात जायच्या दिवशी ओट्यावर वाट बघत बसल्या, नंतरही बसल्या. मुंजाजीची रिक्षा त्या गल्लीत पुन्हा वळली नाही.

त्या रविवारी संध्याकाळी डायरीत रागानंतर त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. रॉकेलचा स्टो माझ्या खोलीत आणला, वाती नव्या घातल्या. उद्यापासून माझा स्वयंपाक वेगळा.