गालांवरची चांदी

एका विधवेच्या गालांवर मी सवाष्णीची चांदी रंगवली आणि ते चित्र बाजाराच्या दिवशी भर रस्त्यावर टांगलं.

तेव्हा मी घाटंजीला ड्रॉइंग मास्तर होतो. जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आणि आता मुंबई मला शोधत घाटंजीला येणार अशी माझी खात्री होती. तैलरंगांच्या सहा नळ्या, दोन बरे ब्रश आणि स्वतःविषयी अमाप गैरसमज, एवढं भांडवल. पोरांनी काढलेली वांगी तपासून जीव विटला होता. म्हटलं, एक थोर पोर्ट्रेट करू.

ती जवळच्या बंजारा तांड्यावरची. हेडमास्तरांकडे सरपणाची मोळी टाकायला यायची. तिशीची असेल. आरशांची कांचळी, घेरदार फेटिया, डोक्यावरून भरतकामाची ओढणी. मजुरी देतो म्हटल्यावर आठ रविवार शाळेच्या व्हरांड्यात बसली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

तांड्यावरच्या बायकांच्या केसांत गुंफलेले चांदीचे झुबके दोन्ही गालांवर लोंबतात. त्याला घुगरी म्हणतात. हिच्या गालांपाशी काहीच नव्हतं.

"घुगरी नाही घालत तुम्ही?"

"नाही घालत, मास्तर. माह्या घरचा तं..."

"बोलू नका. ओठ हलतात," मी म्हणालो.

आमच्याकडे बाईचं कपाळ पाहिलं की नवरा आहे की नाही ते कळतं. त्यांच्याकडे ते गालांपाशी कळतं. हे मला ठाऊक नव्हतं, आणि जी सांगत होती तिला मी गप्प केलं. गरिबीपायी मोडली असेल, असं मी ठरवून टाकलं. मग बाजारात पाहिलेल्या एका बाईची घुगरी आठवून हिच्या गालांवर चढवली, चांगली दुपदरी. स्वतःच्या औदार्यानं माझे डोळे पाणावल्याचं आठवतं. पुरं होण्याआधी चित्र दाखवू नये असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून त्यावर सदैव धोतराचं पान टाकलेलं असे. पुरं झालं तेव्हा ते थेट फ्रेमवाल्याकडे गेलं.

बाजाराच्या दिवशी त्यानं ते दुकानाबाहेर लावलं. मी समोरच्या हॉटेलात चहा घेत तारीफ ऐकायला बसलो. तांड्यावरच्या दोघी थांबल्या, पाहत राहिल्या, ओढणीचा पदर तोंडावर घेऊन निघून गेल्या. मी ती दाद समजलो.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायानं सांगितलं, तिच्यावर पंचायत बसली आहे. तेव्हा मला सगळं कळलं. नवरा वारून तीन वर्षं झाली होती. रिवाजाप्रमाणे धाकटा दीर तिला घरात घ्यायला तयार होता. ती नको म्हणाली होती आणि नवऱ्याचं दोन एकर वावर एकटी कसत होती. विधवेनं दुसऱ्या कुणाच्या नावाची घुगरी घातली, की त्या घराशी आणि वावराशी तिचं नातं तुटतं. दिराला निमित्त पाहिजे होतं. मी ते चौकटीत बसवून दिलं.

सत्य सांगायला मी चित्र काखेत मारून तांड्यावर गेलो. लिंबाखाली माणसं, पलीकडे बायका, त्यांत ती.

"मास्तर, घुगरी हिनं घातली होती?" तांड्याच्या नाईकांनी विचारलं.

"नाही. तिचा काही दोष नाही. मीच घातली, माझ्या हौसेनं."

दीर हसला.

"म्हणजे तुमीच घातली," नाईक म्हणाले.

"रंगाची हो, नाईक."

"रंगाची का चांदीची, थे राहू द्या. कोनं घातली थेच पुसून राह्यलो आमी."

"तिनं तर चित्र पाहिलंसुद्धा नाही."

"आठ आइतवार बसली अन् पाह्यलं नाही?" दीर म्हणाला. "आंधयी हाये का थे?"

यावर शहाण्या माणसानं गप्प बसायचं. मी रंग खरवडायची सुरी काढली आणि सगळ्यांसमोर घुगरी खरवडायला लागलो. चांदी निघाली, मागोमाग गालही निघाले.

मागून एक म्हातारा म्हणाला, "काही नसतं, तं मानूस एवढा कायले घाबरते?"

वावर दिराला गेलं. ती कळंबकडे भावाच्या तांड्यावर गेली. माझी नोकरी शाबूत राहिली. हेडमास्तरांनी फक्त सरपणवाली बदलली.

दोनेक महिने मला जेवण गोड लागेना. मग तहसीलदारांच्या नावे चार पानी अर्ज लिहिला, अक्षर असं सुंदर की नजर लागावी, आणि एसटीनं कळंब गाठून पुढं चालत गेलो. ती वावरात कापूस वेचत होती.

"कायदा तुमच्या बाजूचा आहे," मी म्हणालो. "फक्त अंगठा द्या. साक्ष मी देतो."

"तुमी देसान साक्ष?"

"मीच."

कापसानं भरलेली ओटी तिनं गाठोड्यात रिकामी केली. अर्जाकडे पाहिलं नाही.

"मास्तर, हे वावर माह्या भावाचं हाये. येवढं तरी राहू द्या."