स्वखुशीने

१२ जून २०१७. बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाल्याची नोटीस फलकावर लावायचं काम माझ्याकडे होतं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "लावा बाई, लावा. कायदा म्हणजे कायदा. फक्त जरा पाण्याच्या टाकीमागं लावा."

हे आमचे पर्सोनेल मॅनेजर. जबलपुरातल्या आमच्या सलवार-सूटच्या कारखान्यात मी हजेरी बघायची, ते माणसं बघायचे. म्हणजे नको झालेली माणसं. नवा कामगार कायदा आला की मालकांच्या कपाळाला आठ्या पडत. यांचा चेहरा मात्र नातवंड झाल्यासारखा खुले.

काढायच्या माणसाला ते कधी काढत नसत. ते बेकायदा. त्याला केबिनमध्ये बोलवत, खोव्याची जलेबी पुढे करत. "चलो, आधी तोंड गोड करा." जलेबी पोटात गेली की ड्रॉवरमधून टाइप केलेला राजीनामा निघे. त्यात 'स्वखुशीने' हा शब्द ठळक. असा सद्गृहस्थ तुमच्याही ऑफिसात असेल; नीट बघा. केबिनकडे जलेबीचा द्रोण जाताना दिसला की मशीनवरच्या बायका देवाचं नाव घ्यायच्या.

त्या दिवशीचा द्रोण सुनीतासाठी होता. तिला सातवा महिना. नवरा घरी बसलेला, घर तिच्या शिलाईवर. आमच्या मालकांनी, शेठजींनी, साहेबांना बजावलं होतं, "छह महीने उसकी जगह खाली रखूँ? आज ये, कल दूसरी." बोलावणं येताच सुनीतानं चेरीताल मोहल्ल्यातल्या घरून सासूला बोलावून घेतलं.

सासू मूळची वर्ध्याची. सुनेमागोमाग केबिनमध्ये शिरून तिनं जलेबी पाहिली आणि गालांवर हात घेतले. "अगं माय! कारखान्यानं डोहाळे पुरवले! काहून वो सूनबाई, साहेबांच्या पाया नाही पडली अजून?"

साहेबांचा हात ड्रॉवरवरच राहिला. "मावशी, हे जरा वेगळं आहे..."

"वेगळंच तर जी! कोणता मालक एवढं करून राहिला आजकाल?" तिनं दारातून हाक दिली, "या वो पोरींनो, ओटी भरू!"

मशीनी थांबल्या. कटिंगमधल्या कापडाचा खण झाला, कुणाच्या डब्यातलं केळं आलं. एका हिंदी मुलीनं विचारलं, "भैयाजी, दीदी को छुट्टी कितनी मिलेगी?"

मी हजेरीचं रजिस्टर घेऊन दाराशी होते; साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"छब्बीस हफ्ते."

"और नौकरी?"

"नौकरी... पक्की." सासूनं त्यांनाही कुंकू लावलं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

ती बाई भोळी की बेरकी, मला आजही ठरवता येत नाही.

संध्याकाळी शेठजींनी साहेबांना काढलं. मिठाई नाही, नोटीस नाही.

मी म्हटलं, "कामगार न्यायालयात जा ना."

"बाई, ते कामगारांसाठी. मॅनेजर कामगारात मोडत नाही. शेठजींना हे मीच शिकवलं." एवढं बोलून ते पहिल्यांदाच मोकळं हसले आणि डबा उचलला. दारात थांबून म्हणाले, "सुनीताच्या रजेच्या अर्जावर सही राहिली बघा." त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शेठजी यायच्या आत, मी साहेबांच्या खुर्चीत बसले, 'मॅनेजरकरिता' म्हणून सुनीताच्या रजेवर सही केली आणि दोन शिक्के मारले. एक पुरला असता.