कोरडी चेन

तैवानमधल्या पुली गावातून डोंगराकडे जो रस्ता निघतो, त्याच्या तोंडाशी लाय मंडळींचं सायकलचं दुकान आहे. वूलिंगच्या खिंडीपर्यंत सायकल हाणायला निघालेला माणूस शेवटचा थांबतो तो इथे. कुणाला हवा भरायची असते, कुणाला नुसतंच संडासला जायचं असतं, पण बहुतेकांना हवी असते ती लायांची सून यूलियेन हिच्या हातची, तेलाऐवजी मेण पाजलेली कोरडी चेन. तैचुंगहून, ताइपेहूनसुद्धा लोक चेना पाठवतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे येतात, आकड्यावरची आपली चेन काढून घेतात, सायकलवर चढवतात आणि जातात. यूलियेन मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून त्या रस्त्याने पेट्रोल पंपाच्या पुढे गेलेली नाही. गेली असेल तर बसने, कुणाच्या तरी मयताला.

मेणाचं काम सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याने ते केलेलं नाही. नवी चेन कारखान्यातून येते तीच चिकट ग्रीसमध्ये बरबटून. ती आधी रॉकेलात खळखळवायची, मग दुसऱ्या रॉकेलात, मग स्पिरिटमध्ये, अगदी स्पिरिट गढूळ व्हायचं थांबेपर्यंत. कडीच्या पोटात तेलाचा अंश जरी राहिला, तरी मेण आत शिरत नाही. वरवर बसतं आणि पहिल्याच चढावर पापुद्रे होऊन गळून जातं. मग मेण. यूलियेनच्या आईने लग्नात दिलेला भाताचा विजेचा कुकर आता त्याच कामाला आहे. बाहेर पाणी, आतल्या भांड्यात मेण, म्हणजे ते करपत नाही. तारेला अडकवून चेन आत सोडली की बुडबुडे येतात. ते थांबले की समजायचं, मेण आतपर्यंत पोचलं. मग बाहेर काढून टांगायची. गार झाली की ती काठीसारखी ताठ होते, तेव्हा एकेक कडी हाताने वाकवून मोकळी करायची. वापरून परत आलेली चेन उकळत्या पाण्याने धुवायची, लगेच कोरडी करायची, की पुन्हा कुकर. यूलियेनच्या बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा पडल्या आहेत.

हे सगळं तिने आनंदाने केलं असतं. पण घरात सासरा होता.

चिनश्वेई लाय यांनी उभा जन्म याच दुकानात काढला, तोही तेलाच्या बुधलीच्या जोरावर. हल्ली त्यांचं डोकं ठिकाणावर नसे. जेवले की नाही ते आठवत नसे, मुलाचं नाव आठवत नसे, पण आकड्यावर कोरडी चेन दिसली की हात शिवशिवत. एका सकाळी यूलियेन खाली आली, तर टांगलेल्या झाडून साऱ्या चेनांना म्हाताऱ्याने तेल घातलेलं. तेही नीट, कडीमागे एक थेंब, सांडलवंड नाही. तिने कपाळाला हात लावला आणि पुन्हा रॉकेलापासून सुरुवात केली. मग तिने तेलाची बुधली कुलपात ठेवली. दोन दिवसांनी दुकानात तिळाच्या तेलाचा घमघमाट.

"यूलियेन, ही चेन आहे की बाळंतिणीला देतात तो तिळाच्या तेलातला कोंबडीरस्सा?" नेहमीचे गिऱ्हाईक असलेले फान मास्तर चेन नाकाशी धरून म्हणाले.

"भात आणू का सोबत?"

"नको, नको. वर दम लागला की चाटीन म्हणतो."

हसायला काय जातं लोकांचं. रॉकेलात हात तिचे. नवरा वेनहाव व्हिएतनाममधल्या सायकलच्या कारखान्यात, घरी यायचा तो नव्या वर्षाला. फोनवर तो म्हणे, "म्हातारं माणूस आहे, चालायचंच." चालायचंच म्हणणारी माणसं नेहमी दुसऱ्या देशात असतात.

यूलियेनकडे स्वतःची एक सायकल होती. लोकांनी टाकून दिलेल्या सुट्या भागांतून तिने ती हळूहळू उभी केली होती. तिला एकदा, एकदाच, वूलिंगला जायचं होतं. वर जाऊन करणार काय, असं कुणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. आपण ज्यांच्या चेना धुतो ते वरून खाली येताना इतके का हसत असतात, एवढं तिला बघायचं होतं. तिने सहा महिने नणंदेची मनधरणी केली. शूहुई तैचुंगला राहायची. बापावर जीव होता, पण लांबून. शेवटी ती एका रविवारी दिवसभर यायला तयार झाली.

शनिवारी दुपारी यूलियेन मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. आत आली तर चिनश्वेई स्टुलावर उभे, हातात शेंगदाणा तेलाची बाटली. सगळ्या चेना झाल्या होत्या. शेवटची राहिली होती ती तिची स्वतःची. म्हाताऱ्याचा हात त्या चेनकडे वळत होता.

"बाबा!" ती एवढ्याने किंचाळली की रस्त्यावरचं माणूस थांबलं. तिने बाटलीला फटका मारला. बाटली फरशीवर फुटली.

चिनश्वेई स्टुलावरून उतरले. तिच्यासमोर उभे राहिले. दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"मारा, मालकीणबाई," ते म्हणाले. "उठायला उशीर झाला मला. पण जेवण नका हो बंद करू."

यूलियेनला हळूहळू उलगडलं. सासूने एकदा सांगितलं होतं, की यांना लहानपणी तैचुंगच्या एका सायकलवाल्याकडे ठेवलं होतं. काम शिकायचं, पगार नाही, मालक उठायच्या आत सगळ्या सायकलींना तेल झालेलं पाहिजे. एक जरी चेन कोरडी सापडली तर हातावर मालकिणीची छडी आणि रात्रीचं जेवण बंद. म्हणजे म्हातारा खोड्या काढत नव्हता. रोज पहाटे त्याच धास्तीने उठत होता, आणि ती रोज त्याच्यावर खेकसत होती. तिला स्वतःची लाज वाटली. फार वाटली.

जुन्या रिवाजात हाताखालच्या पोराला तीन वर्षं चार महिने भरावे लागत. ते भरले की मालक त्याला अवजारं द्यायचा आणि मोकळं करायचा. यूलियेनला हे आठवलं, आणि आपण फार शहाणपणाचं काहीतरी करतो आहोत असं वाटलं. तिने एक पाना लाल कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्याला अरेतुरे केलं.

"चिनश्वेई, वर बघ. तुझी तीन वर्षं चार महिने आज भरली. तू सुटलास. आता तेल घालायचं नाही."

"खरंच भरली?"

"मी सांगते ना."

म्हातारा ढसाढसा रडला. संध्याकाळी तिने या प्रसंगाला करतात तशा डुकराच्या पायाच्या रश्श्यातल्या शेवया केल्या. त्याने वाडगा चाटूनपुसून साफ केला. तेल लागलेल्या चेना तिने पुन्हा धुऊन मेणात घातल्या, पण त्या दिवशी तिला त्याचा कंटाळा आला नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या ती गाणं गुणगुणत होती.

सकाळी चेना घेऊन लोक गेले. शूहुई गाडीतून उतरली, येताना केळी आणि पेपर घेऊन आली. यूलियेनने चेन चढवली, पॅडल फिरवून पाहिलं. काही म्हणजे काही आवाज नाही. तेवढ्यात चिनश्वेई बाहेर आले. धुतलेला सदरा, हातात बोचकं, खिशातून लाल कागद डोकावत होता. त्यांनी यूलियेनला तीनदा वाकून नमस्कार केला.

"तुमचं अन्न खाल्लं, मालकीणबाई. निघतो. आई वाट बघत असेल."

आणि निघालेच. ट्रक धडधडत जाणाऱ्या त्या रस्त्याने, मधोमध.

"बाबा! अहो बाबा!" शूहुई धावत जाऊन त्यांचा दंड धरू लागली.

"ही बाई कोण? सोड मला! विचार मालकिणीला, मी सुटलोय!"

दोघींनी मिळून त्यांना ओढत दुकानात आणलं. शूहुईने बाहेरून शटर खाली खेचलं. तिच्या मनगटावर बापाचे दात उमटले होते.

"वहिनी, हे काय भरवून दिलंस त्यांच्या डोक्यात?"

"मला वाटलं..."

"जाऊ दे. मी कुलूप लावते. ओरडतील आणि दमतील. तू जा, एकच दिवस तर आहे."

यूलियेन सायकलवर बसली. एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर. आतून म्हातारा शटरवर मुठी आपटत होता. "मी भरलीत वर्षं! मालकीणबाई, सांगा ना यांना! मी भरलीत!" रस्ता समोर होता. ऊन अजून चढलं नव्हतं. पहाटे गेलेले लोक पहिल्या वळणापलीकडे कधीच दिसेनासे झाले होते. जा, असं तिने स्वतःला सांगितलं. पुन्हा सांगितलं. आज निघाली असती तर संध्याकाळी परत आली असती, आणि उद्या तो पुन्हा बोचकं बांधून उभा राहिला असता. परवाही. तिनेच त्याला मोकळं केलं होतं, आणि मोकळ्या माणसाला रोज कोंडायला कुणीतरी घरात लागतं.

ती उतरली. सायकल ढकलत दारापाशी आली आणि शटर वर केलं.

"चिनश्वेई," ती म्हणाली, "माझा हिशोब चुकला. तुझे अजून चार महिने राहिलेत."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती भांडणाची, निदान रडण्याची वाट बघत होती. तो तसलं काही करेना. "हो का," एवढंच म्हणाला, बोचकं कोपऱ्यात ठेवलं, खिशातला लाल कागद काढून तिच्या हातात परत दिला आणि बाह्या सारल्या. त्याला ते इतकं सहज पटलं, की यूलियेनलाच रडू फुटलं.

तिने कुलपातली तेलाची बुधली काढली आणि त्याच्या हातात दिली. आकडे सगळे रिकामे होते. दुकानात चेन असलेली एकच सायकल होती.

"वहिनी, अगं तुझी..." शूहुई म्हणाली.

यूलियेनने मागचं चाक उचलून धरलं आणि पॅडल उलटं फिरवायला लागली. म्हातारा वाकला, एक डोळा बारीक केला आणि कडीमागून कडीला थेंब सोडत गेला. पांढऱ्या मेणावर तेल पिवळं होऊन पसरत होतं.

"जरा सावकाश, मालकीणबाई," तो म्हणाला. "एकही कोरडी राहायला नको."