टेहळणी वैमानिक आणि सहावी रांग

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. वेळ पत्रिकेप्रमाणे दुपारी दोन, प्रत्यक्षात तीन. ठिकाण रहिमतपूरजवळच्या आमच्या गावातलं शाळेचं मैदान. निमित्त माजी सैनिक मेळावा.

हजर: प्रमुख पाहुणे, म्हणजे सांगलीचे एक निवृत्त टेहळणी वैमानिक. समितीचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार. व्यासपीठावर इतर मान्यवर अकरा. पत्रिकेत सात छापले होते, चार जण आपणहून चढले. समोर गावचे आणि आसपासचे माजी सैनिक, त्यांची घरची मंडळी, मागे उभी असलेली शाळेची मुलं. मांडववाले चाचा. समितीची चिटणीस म्हणून मी. आणि सहाव्या रांगेत, तिसऱ्या खुर्चीवर, कोयनानगरकडून आलेले एक निवृत्त कॉर्पोरल. ते चारपर्यंत हजर होते. यादी माझी होती, त्यामुळे या शेवटच्या नोंदीचा जबाबही मीच द्यायला हवा.

टेहळणी विमानांचं वेड मला शाळेपासून आहे. मुली वहीत नटांचे फोटो चिकटवायच्या, मी विमानांचे चिकटवत होते आणि खाली उंची, वेग, कॅमेरे किती असं लिहीत होते. लढाऊ विमानांचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. टेहळणी विमानात तोफ नसते, बॉम्ब नसतो. एक माणूस आणि कॅमेरे. एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच जायचं, खाली काय काय आहे त्याची नोंद घ्यायची आणि कुणाला न सांगता परत यायचं. आयुष्यभर याद्या करणाऱ्या बाईला याहून मोठा माणूस कोण वाटणार?

गावाला मात्र हे पटवणं कठीण गेलं. आमच्याकडे घरटी एक माणूस सैन्यात. शौर्य म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते बंदुकीशिवाय होत नाही, यावर एकमत आहे. बैठकीत मी पाहुण्यांचं नाव सुचवलं तेव्हा सुभेदारांनी विचारलं, "विमानात तोफ न्हाई, मग त्ये वर जाऊन करतंय काय?"

"फोटो काढतं."

"लग्नातला फोटूवाला बी तेच करतोय, बाई. त्याला काय आपण शाल घालतोय व्हय?"

मग मी उंची सांगितली. तिथे अंगात दाबाचा पोशाख नसेल तर रक्त उकळायला लागतं, हे सांगितलं. रक्त म्हटल्यावर समिती राजी झाली.

वैमानिक साहेबांना मी सांगलीला फोन केला. ते भाषणं देत नाहीत असं ऐकून होते. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मग जिल्हा विचारला, आणि म्हणाले, "येतो. पण एक अट आहे. माझ्याकडे पोशाख चढवायला एक मुलगा होता, तुमच्याच साताऱ्याचा, कोयनेकडचा. तो तिथे हवा."

कारणही त्यांनीच सांगितलं. हा पोशाख एकट्याला घालता येत नाही. नाड्या, नळ्या, शिरस्त्राण, हातमोज्यांच्या धातूच्या कड्या हे सगळं दुसरा माणूस बसवतो आणि तपासतो. एके सकाळी त्या मुलाने डाव्या हातमोज्याची कडी नीट बसत नाही म्हणून साहेबांना अडवलं. साहेब तरुण होते, घाईत होते. मुलगा हटला नाही. कडी बदलेपर्यंत ठरलेली वेळ टळली आणि उड्डाण रद्द झालं. साहेबांनी सगळ्या तुकडीसमोर त्याला सुनावलं, "तुला इथे फक्त बटणं लावायला ठेवलंय." नंतर कळलं की कडीला तडा होता. तोवर मुलाची बदली झाली होती.

"चारचौघांत बोललो होतो, मॅडम. चारचौघांतच माफी मागायची आहे. घरी बसून पत्र लिहिण्यात अर्थ नाही."

माजी सैनिकांच्या तालुकावार याद्या माझ्याकडे असतात. तिसऱ्या दिवशी मला ते कॉर्पोरल सापडले. कोयनानगरच्या अलीकडच्या एका गावात, पासष्टीचे, दोन म्हशी राखून होते. साहेबांना त्यांना भेटायचंय एवढंच मी फोनवर सांगितलं. बाकीचं सांगायचा हक्क साहेबांचा होता. ते म्हणाले, "साहेब वळखतील का पर?"

बैठकीत मी अट मांडली. त्यांना व्यासपीठावर, साहेबांशेजारी बसवू म्हटलं.

"हुद्दा काय?" सुभेदार.

"कॉर्पोरल."

"म्हंजी फिती किती?"

"दोन."

"म्हंजी आपला नाईक. नाईक सहाव्या रांगेत. कामगिरी काय म्हणालात?"

"वैमानिकाला पोशाख चढवायचे."

समितीत हशा पिकला. "कापडं घालाय माणूस? लगीन हाय का काय गड्या?" एकाने विचारलं. सुभेदारांनी हात वर करून शांत केलं आणि समजुतीने म्हणाले, "बोलवू की, बाई. सत्कार बी करू. पर ओळीनं. आज नाईक वर बसवला तर उद्या हवालदार मला जाब विचारतील."

आमच्या गावात लग्नाच्या पंगतीसुद्धा हुद्द्याप्रमाणे बसतात, हे बाहेरच्यांना खोटं वाटतं. मला तेव्हा गैर वाटलं नाही. ओळ म्हटलं की माझं डोकं शांत होतं. मी त्यांचं नाव सत्कारांच्या यादीत चौदावं घातलं, पाहुण्यांच्या भाषणाच्या लगेच आधी, आणि समोर बरोबरची खूण केली.

आदल्या दिवशी फ्लेक्स आला. त्यावर एक प्रवासी विमान होतं, खिडक्यांच्या रांगेसकट. एका कोपऱ्यात वैमानिक साहेब, पासपोर्टच्या फोटोएवढे. उरलेल्या जागेत आमचे स्थानिक नेते; त्यांचं डोकं विमानाहून मोठं. खाली 'आकाशाला गवसणी घालणारे' असं छापलं होतं, आणि कुणाबद्दल ते स्पष्ट होत नव्हतं.

साहेब रविवारी दीडलाच आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. आल्या आल्या मला म्हणाले, "आलाय?"

"आलेत. सहाव्या रांगेत, तिसरी खुर्ची."

त्यांना लगेच खाली जायचं होतं, पण तेवढ्यात चहा आला आणि चहाबरोबर गाव आलं. सगळ्यांना वैमानिक बघायचा होता. आठवडाभरापूर्वी लग्नातला फोटोवाला ठरलेला माणूस आता देवमाणूस झाला होता. लोक त्यांच्या पाया पडत होते, त्यांच्या हाताला हात लावून बघत होते. एका बागायतदाराने खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, तुमच्या त्या फोटूत बांध दिसतोय का?"

"कसला बांध?"

"उसाचा. शेजाऱ्यानं चार सऱ्या कोरल्यात. वरनं फोटू असंल तर मोजणीचं कामच न्हाई."

"दिसत असेल," साहेब म्हणाले, "पण ते फोटो सरकारचे. तुम्हाला मिळायचे नाहीत."

"मोजणी खात्याचं बी असंच हाय बघा," तो म्हणाला आणि समाधानाने उठला.

तीनला दीपप्रज्वलन. मग सत्कार सुरू झाले. यादीत चौदा होते. व्यासपीठावर आपणहून चढलेल्या चौघांचे वाढले, आणि त्यांना आणणाऱ्यांचेही. प्रत्येकाला फेटा, शाल, श्रीफळ, आणि प्रत्येकाचं दोन शब्द मनोगत. एकही मनोगत दोन शब्दांत संपलं नाही. एकाने तर देशाच्या हवाई सामर्थ्याबद्दल बोलता बोलता आपल्या पतसंस्थेची वाटचाल सांगितली. ज्या माणसाने मिनिटाला कितीतरी गावं मागे टाकली, तो काळ्या चष्म्याआडून दोन तास नारळ हातोहात जाताना बघत होता.

चारला कॉर्पोरल माझ्याजवळ आले. पांढरा सदरा, इस्त्रीच्या कडा अजून ताठ. हातात पिशवी.

"ताई, साडेचारची गाडी हाय. ती चुकली तर कराडातनं फुडं कायबी न्हाई. कवा बोलवणार?"

मी यादी बघितली. आठवा सत्कार चालू होता. "तुमचं चौदावं आहे. जरा थांबा."

"म्हशींची धार हाय. घरी कोण न्हाई दुसरं."

"थोडंच राहिलंय," मी म्हटलं. ते खोटं होतं. मला यादीवरून दिसत होतं. त्या वेळी मी एकच करायला हवं होतं: त्यांचा दंड धरून त्यांना व्यासपीठावर न्यायचं आणि माईक ओढून घ्यायचा. पण आठव्याच्या मध्ये चौदावं कसं घुसवायचं? ते मान हलवून जागेवर गेले. नंतर कधी उठले ते मी बघितलं नाही, कारण मी तेव्हा फेटे मोजत होते. दोन कमी पडत होते.

पाच वाजून गेल्यावर सुभेदारांनी घड्याळ बघितलं आणि वेळेअभावी उरलेले सत्कार एकत्रित झाले असं जाहीर केलं. साहेबांना माईक मिळाला. त्यांनी आपल्या विमानाबद्दल अक्षरही काढलं नाही. सरळ कडीची गोष्ट सांगितली, जशी मला सांगितली होती तशीच, बटणांच्या वाक्यासकट. बैठकीत हसलेल्या समितीने माना खाली घातल्या.

"तो माणूस आज इथे बसलाय," साहेब म्हणाले. "सहाव्या रांगेत, तिसऱ्या खुर्चीवर. मी त्याची सर्वांसमोर माफी मागतो."

सगळ्यांनी वळून बघितलं. मीही.

तिसऱ्या खुर्चीवर मांडववाले चाचा बसले होते. खुर्च्या त्यांच्याच. कार्यक्रम संपत आला म्हणून मोजायला आले होते, गुडघे दुखतात म्हणून रिकामी दिसली त्या खुर्चीवर टेकले होते. आमच्या गावात व्यासपीठावरून कुणी आपल्याकडे बघितलं की माणूस उठून हात जोडतो आणि फेट्यासाठी डोकं जरा पुढे करतो. हे अंगवळणी पडलेलं आहे. चाचा उठले, हात जोडले, डोकं पुढे केलं. टाळ्यांचा कडकडाट. कार्यकर्त्यांकडे एक शाल उरली होती, ती लगेच त्यांच्या अंगावर पडली. साहेब चाचपडत पायऱ्या उतरले आणि चाचांना मिठी मारून रडले. ध्वनिक्षेपकावर देशभक्तीचं गाणं लागलं. फोटोसाठी दोनशे मोबाईल वर झाले.

मी पोहोचेपर्यंत साहेबांना गाडीत बसवलं होतं. काच खाली करून त्यांनी माझा हात धरला. "तुमचे उपकार, मॅडम. आवाज बदललाय त्याचा. पण माणूस तोच." गाडी गेली.

चाचा शाल घडी करत उभे होते.

"चाचा, सांगायचं नाही का हो?"

"आवं ताई, कसं सांगू? साहेब रडाय लागलं. रडणाऱ्या माणसाला 'तुमचं चुकलंय' म्हणू व्हय? आदी वाटलं, मांडव चांगला घातला म्हणून सत्कार हाय. वीस वरसं घालतोय, कवा तरी करतीलच." शाल माझ्या हातात दिली. "ही ज्याची त्याला द्या. आन् दोन खुर्च्या मोडल्यात, त्ये लिवून घ्या."

लिहून घेतलं.

सुभेदारांना मी रात्री फोनवर सांगितलं. त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. "सत्कार झाला, साहेबाला बरं वाटलं, फोटू झकास आल्यात. पेपरात बी येतंय बघा उद्या. आता कशाला ते उकरायचं?" पेपरात खरंच आलं. 'चाळीस वर्षांनी भेटले दोन आकाशवीर' असा मथळा, खाली चाचांचं नाव चुकीचं. चाचांच्या घरच्यांनी ते कात्रण फ्रेम करून घेतलंय असं ऐकते. त्यांना मी दोष देत नाही.

मंगळवारी मी शाल घेऊन कोयनेकडे गेले. कराडपासून पुढे गाडी वळणावळणाने चढते, आणि प्रत्येक वळणावर मी काय बोलायचं त्याचा क्रम बदलत होते. कॉर्पोरल गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं, चाचांसकट. ते हसले, खूप हसले. मग विचारलं, "कडी फुटकी व्हती, असं बोललं साहेब? समद्यांम्होरं?"

"हो. तडा होता म्हणाले."

"मला कुणीच सांगितलं न्हाई ते." त्यांनी बादली खाली ठेवली. "मला वाटायचं, आपलंच चुकलं असंल. एवढं मोठं उड्डाण आपल्यामुळं गेलं." पुढे बराच वेळ ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शाल त्यांनी घेतली नाही. "साहेबांनी घातली तर घेईन. बोलवा त्यास्नी. ह्या वयात मी काय सांगलीला जायचो न्हाई, म्हशी हायत्या."

बोलवायचं म्हणजे आधी साहेबांना सांगायला हवं की त्यांनी मिठी मारली ती मांडववाल्यांना. परवा त्यांचाच फोन आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागते, म्हणाले. मी पत्रिका, पावत्या आणि मोडलेल्या खुर्च्या याबद्दल बोलले आणि फोन ठेवला.

मेळाव्याची कामं एकूण एकतीस होती. मंडपाचा हिशेब, आभाराची पत्रं, फ्लेक्स उतरवणं, उरलेले दोन नारळ शाळेला देणं, सगळ्यांवर खूण झाली आहे. बत्तिसावं मी नंतर हाताने लिहिलं: साहेबांना फोन करून खरं सांगणे, आणि कोयनेला घेऊन जाणे. शाल माझ्या कपाटात आहे. त्या ओळीसमोर अजून काही नाही.