फडातला वाईट माणूस

जिंतूर तालुक्यातल्या दत्तरावाकडे आज बघून कोणाला खरं वाटायचं नाही, पण या माणसानं शिव्या खाऊन संसार केला. आता मेंढरं राखतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पंचवीस वर्षांपूर्वी मात्र जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात भोंग्यावरून त्याचं नाव पुकारलं, की म्हाताऱ्या बायासुद्धा बोटं मोडायच्या.

कामच होतं ते त्याचं. शेवटच्या कुस्तीला गावाला आपला पैलवान जिंकलेला पाहिजे असतो, आणि जिंकायला समोर कोणीतरी नीच लागतो. दत्तराव रंगानं काळा, कान मोडलेले, मिशा अशा की लेकरानं भोकाड पसरावं. पंचांनी बरोबर हेरला. आधीच ठरवून लढायची ती नुरा कुस्ती. यानं दांडगाई करायची, लोकांकडे बघून मांडी थोपटायची आणि विसाव्या मिनिटाला चितपट व्हायचं. गडी पडायचाही असा झकास, की गावाला चार दिवस तोच विषय पुरायचा. घरी मात्र या राक्षसाची बायकोपुढं ब्र काढायची छाती नव्हती.

मग सेलूकडच्या एका गावी सितारामशी गाठ पडली. घामानं अंग निसटायला लागलं, की समोरच्याच्या पाठीवर, मानेवर मूठभर माती टाकतात. फडाची रीतच आहे ती, त्यात वावगं काही नाही. त्या दिवशी दत्तरावाच्या मुठीतली माती सितारामच्या डोळ्यात गेली. तशाच डोळ्यानं सिताराम ठरल्याप्रमाणे जिंकला, गावानं त्याला खांद्यावर नाचवलं, चांदीची गदा दिली. दत्तराव टेम्पोत दडून निसटला. सितारामचा उजवा डोळा कायमचा अधू झाला. ते कळल्यावर दत्तरावानं लंगोट खुंटीला अडकवला, तो परत काढला नाही.

आता त्याची लेक चंदा परभणीत नर्स आहे. तिथंच दवाखान्यात काम करणारा आदिनाथ तिच्या मनात भरला, आणि करीन तर यालाच म्हणून ती बसली. बापानंही हो म्हटलं. पोराच्या घरी शब्द चालतो आजीचा, नर्मदाबाईचा, एवढं कानावर आलं होतं. रविवारी पाहुणे आले, जीपमधून आजीच्या मागोमाग आदिनाथचा चुलता उतरला, आणि दत्तरावानं मुंडासं कानांवर ओढलं. चुलता म्हणजे सिताराम.

तरी नर्मदाबाईनं त्या फडात पाहिलेले दत्तरावाचे मोडके कान ओळखले. पोह्याची बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, की ज्यानं माझ्या लेकाचा डोळा घालवला, त्याची पोरगी माझ्या उंबऱ्यात येणार नाही. आदिनाथ काही बोलायला गेला, तर तिनं हातानंच त्याला गप्प केलं. दाराआड चंदाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

तेव्हा सितारामनं खाली मान घालून तोंड उघडलं. "आये, ती कुस्ती ठरवलेली हुती. म्या जिकलो न्हाई, मला जिकवलं."

पंचवीस वर्षं भिंतीवर टांगलेली गदा त्यानं अशी एका वाक्यात उतरवली. पुढं असंही सांगितलं, की माती तर सगळेच टाकतात, याचा हात निसटला असेल, दोष कोणाचाच नाही. भला माणूस! दत्तरावानं नुसती मान हलवायची होती. लेकीचं लग्न तिथंच जमत होतं, आणि ती हलवावी असं त्याला फार फार वाटलंही.

"न्हाई, माय," तो म्हणाला. "कुस्ती ठरलेली हुती, माती ठरलेली न्हवती. लोकं माझ्या मायवरून शिव्या द्यायलते. लय राग आला. त्यांचा राग ह्यांच्या डोळ्यात टाकला म्या."

म्हातारीनं पाणी मागितलं, सावकाश प्याली. एकदा सितारामकडे पाहिलं, एकदा याच्याकडे.

"सोयरीक मोडंल हे दिसत असून खरं बोललात," ती म्हणाली. "अशा घरची पोरगी मला पाहिजे. पर लग्नात तुमच्या हातचा आहेर मी घेणार न्हाई."

दत्तरावाचे डोळे भरून आले. त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला.

"नका घेऊ, माय. हात त्योच हाय."