घरटी एक माणूस

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. प्रसादला तर नाहीच — आणि सांगायला हवी होती ती त्यालाच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही उद्या कर्जतच्या बाजारात माझ्यासमोर येणार नाही, म्हणून असेल. बघा, सुरुवातच भित्र्यासारखी झाली.

प्रसाद आणि मी नऊ वर्षं एकत्र राहतो. मी खालापूरकडच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, तो फार्महाऊसवाल्यांचे पंप आणि एसी दुरुस्त करतो. आम्ही जोडपं आहोत. एवढं एक वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला, त्यावरून काय ते समजा. बिल्डिंगमध्ये आम्ही नुसते मित्र. बारशाचं, पूजेचं, वाढदिवसाचं बोलावणं यायचं ते एकट्या माझ्या नावानं, नाहीतर एकट्या त्याच्या. प्रसादला ते लागायचं. मला? मला सोयीचं होतं.

माझं घर बौद्ध. प्रसाद वरच्या म्हणवणाऱ्या जातीतला, घाटावरचा. त्याच्या घरच्यांनी त्याला तोडलं ते माझ्यापायी — आता माझी जात त्यांना जास्त खुपली की माझं पुरुष असणं, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. म्हणजे जायला त्याला घर असं उरलंच नव्हतं. एक सोडून. कडावची माझी आत्या.

आत्यानं आम्हाला कधी काही विचारलं नाही. पण तिला कळलेलं होतं. रिक्षावाल्याबरोबर वालाच्या शेंगा, सुका जवळा, तांदळाच्या भाकऱ्या पाठवायची, आणि पिशवी द्यायला सांगायची ती प्रसादकडे. तो तिकडे गेला की चुलीपुढं बसून जेवायचा. तिचा पंखा, तिचा मिक्सर, सगळं त्यानं नीट केलेलं. 'आये' म्हणायचा तिला. स्वतःच्या आईला फोन करायची सोय राहिली नव्हती त्याची.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलात, आत्याच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक — म्हणजे घरातून एकानं यायचं. आणि चूलबंद — म्हणजे सगळ्या घरानं यायचं, त्या दिवशी तुमच्याकडे चूल पेटवायचीच नाही. आत्या दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून आली. प्रसाद कामावर होता. पाणी प्यायली आणि म्हणाली, “चूलबंद हाय रं. त्या दिवशी ग्यास पेटवायचा नाय. तू आन् परसाद, दोगंबी या.”

आमच्या दोघांना कुणी पहिल्यांदाच एक घर म्हणत होतं. तेही कुठलं भाषण न करता. मी मान डोलावली. पण खरंच सांगतो, आनंद झालाच नाही. डोळ्यांसमोर काय आलं, तर मांडवात बसलेले माझे चुलते. त्यांच्यातल्या एकानं आठवड्यापूर्वीच फोनवर सहज विचारलं होतं, “तुझ्याबरूबर त्यो पोरगा कोन असतो रं?” भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

संध्याकाळी प्रसादला सांगितलं, आत्या येऊन गेली, घरटी एक सांगितलंय. जागा लहान आहे म्हणे. तो भाजी चिरत होता. सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली. “बरं,” म्हणाला. “तू जा. माझा निळा शर्ट घाल, तुला चांगला दिसतो.” थोड्या वेळानं म्हणाला, “मला वाटलं होतं, आये मला मोजेल.”

इथं थांबता आलं असतं. एवढंच पाप असतं तर मी आज हे लिहायलाही बसलो नसतो.

लग्न छान झालं. विहाराच्या पटांगणात मांडव, पंगती बसलेल्या. आत्या वाढत वाढत माझ्यापर्यंत आली आणि विचारलं, “परसाद कुटं?” शेजारी दोन चुलते जेवत होते. त्यांचे हात थांबले — की मला तसं वाटलं? आजारी आहे म्हणालो असतो तर भागलं असतं. पण मग तिनं डबा दिला असता, दुसऱ्या दिवशी बघायला आली असती. पुढच्या कार्याला पुन्हा दोघांना बोलावलं असतं. मला तो विषय कायमचा मिटवायचा होता. मी म्हणालो, “त्याला आपल्यातलं जेवण चालत नाही, आत्या.”

ती म्हणाली, “माज्या चुलीपुढं बसून खाल्लंय की रं त्यानं.”

“तोंडावर खातो,” मी म्हणालो. “घरी आल्यावर बोलतो.”

झालं. चुलत्यांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, “असतातच तसली लोकं.” तो माझा कोण, हे कुणी विचारलं नाही, कारण तो कोण ते आता सगळ्यांना माहीत होतं — शिवाशीव पाळणारा एक माणूस. पिढ्यान्पिढ्या आमच्या माणसांनी जे सोसलं, ते मी माझी कातडी वाचवायला वापरलं. आणि कुणावर ढकललं? ज्यानं माझ्यासाठी आपलं घर सोडलं, त्याच्यावर. आत्यानं माझ्या ताटात आणखी भात घातला. तिचे डोळे भरलेले होते. मी तो भात खाल्ला.

पिशव्या यायच्या बंद झाल्या. प्रसाद दर दोन दिवसांनी विचारायचा, आयेची तब्येत बरी आहे ना? त्यानं फोन केला तर ती दोन शब्द बोलून ठेवायची. मी म्हणायचो, लग्नाचा शीण असेल. तीन आठवडे असे गेले. मग एका रविवारी, पळसदरीचं काम उरकून, मला न सांगता तो नव्या सुनेसाठी साडी घेऊन कडावला गेला.

दुपारी परत आला तो चपला न काढताच खुर्चीत बसला. आयेनं मला अंगणात बसवलं, म्हणाला. आत ये म्हणाली नाही. दुकानातून पाण्याची बाटली मागवली, बिस्किटाचा पुडा कागदाच्या ताटलीत ठेवला. घरातलं भांडं काढलं नाही. आणि शेवटी म्हणाला, “मला 'तुमी' म्हणाली. तुमी घ्या म्हणाली.”

मला सगळं कळलं. तिनं त्याचा अपमान केलेला नव्हता. तिनं त्याला चालेल असं आणून ठेवलं होतं, भरल्या मनानं, दुकानातून.

प्रसाद म्हणाला, “लग्नात कुणीतरी आपल्याबद्दल तिला सांगितलं असणार. तिला माझी किळस येते. होय ना?”

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. जीभ टाळ्याला चिकटली, असं म्हणून मी सुटणार नाही. जीभ चांगली हलली. मी म्हणालो, “असेल.”

तेव्हापासून प्रसाद कुणाकडे जात नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा बारशाला दोघांना मिळून बोलावलं, तर म्हणाला, तू जाऊन ये, आपली घाण कशाला लोकांच्या घरात. 'घाण' म्हणाला. मी ऐकून घेतलं आणि बारशाला जाऊन आलो.

आत्या म्हणते, त्याचं नाव काढू नको माझ्यापुढं. तिला वाटतं, त्याला तिचा विटाळ होतो. त्याला वाटतं, तिला त्याचा. आत्याचे गुडघे आता फारच गेलेत, ती जिने चढून आमच्याकडे येणं शक्य नाही, आणि तो कडावला पाय ठेवणार नाही. दोघांची गाठ पडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तसं असल्याचं मला बरं वाटतं.

महिन्यातून एकदा मी कडावला जातो. आत्या चुलीपुढं बसवून वाढते. रात्री घरी येतो, प्रसादनं स्वयंपाक करून ठेवलेला असतो. मी दोन्हीकडे पोटभर जेवतो.